बाराने घात केला, आणि बाकीची पत्रं

मागच्या अंकात मी एक उचापत केली होती. म्हटलं होतं, भाग जाण्याबद्दल तुम्हाला जे जे "नेहमीच खरं असतं" असं वाटतं ते लिहून पाठवा, खरं असेल तर का ते सांगेन आणि खोटं असेल तर ते पाडणारी संख्या शोधून देईन. अशा संख्येला पुस्तकात प्रत्युदाहरण म्हणतात, क्लासची पोरं काउंटरएक्झाम्पल म्हणतात, आणि आमच्या घरात तिला "आडवी आलेली" म्हणतात, मांजरासारखी. पत्रं बरीच आली. सगळी घेता येणार नाहीत, रागावू नका, तसंही बऱ्याच जणांचा घोळ तोच ४ आणि ६ चा आहे म्हणून तिथूनच सुरू करते.

ताई, माझी मुलगी सातवीत आहे. शाळेत शिकवलंय की २ ने आणि ३ ने भाग जात असेल तर ६ ने जातोच. परीक्षेत विचारलं, ४ ने आणि ६ ने भाग जाणाऱ्या संख्येला २४ ने भाग जातो का? तिने लिहिलं, हो, कारण ४ गुणिले ६ चोवीस. त्यावर लाल फुली. कारण काही लिहिलेलं नाही. खरं सांगू का, मलाही तिचंच बरोबर वाटतंय.
— सातवीतल्या मुलीची आई, चिंचवड

१२. उत्तर एवढंच आहे खरं तर. १२ ला ४ ने भाग जातो, ६ ने जातो आणि २४ ने जायचा प्रश्नच नाही, २४ तिच्यापेक्षा मोठी आहे. विधान मेलं.

पण नुसत्या फुलीने पोरीला काही कळत नाही हे तुमचं म्हणणं अगदी मान्य. तिला असं विचारा, गणपतीत मखराला दोन माळा लावल्या, एक दर ४ सेकंदांनी लुकलुकते, दुसरी दर ६ सेकंदांनी, दोन्ही एकदम चालू केल्या तर पुन्हा एकदम कधी लुकलुकतील? ती बोटावर मोजेल, ४, ८, १२, आणि इकडे ६, १२. चोविसाव्या सेकंदापर्यंत कोण थांबतंय.

आता का ते. ४ म्हणजे २×२ आणि ६ म्हणजे २×३. ६ ला जो एक २ लागतो तो ४ मध्ये आधीच येऊन बसलाय, आणि आपण गुणाकार करताना त्याला दुसऱ्यांदा मोजतो. लग्नात मुलाकडच्या यादीत मामा आणि मुलीकडच्या यादीतही तेच मामा (आमच्याकडे झालंय असं, दोन्हीकडचे नातेवाईक निघाले), तर याद्यांची बेरीज करून ताटं मांडली की एक ताट रिकामं राहणार. २ आणि ३ मध्ये असा कॉमन मामा कुणी नाही म्हणून ६ चालतं. ४ आणि ९ घेतलं तरी ३६ चालेल. म्हणजे दोन्ही संख्या सहमूळ असल्या तर बिनधास्त गुणा, नसतील तर लसावि घ्या, इथे तो १२.

एक गंमत तिला नक्की दाखवा. ४ आणि ६ दोन्हीने भाग जाणाऱ्या संख्या म्हणजे १२, २४, ३६, ४८, ६०, ७२... यात एक सोडून एक २४ ने जातेय. आपल्याला विधान पटलेलं असलं की आपण तपासायला हात कुठे घालतो? २४ वर, मग ४८ वर, फार तर २४० वर. सगळ्या पास! विधानातूनच निघालेल्या संख्यांवर विधान तपासणं म्हणजे आपल्याच आईला विचारणं की मी हुशार आहे का. सुरुवात नेहमी सगळ्यात लहान संख्येपासून करायची, जी दिलेली अट जेमतेम पाळते तिच्यापासून.

मॅडम, मी एफवायबीएस्सीला आहे. टेस्टला खरं की खोटं मध्ये विधान होतं, अ ने ब×क ला भाग जात असेल तर अ ने ब ला किंवा क ला भाग जातो. मी खोटं लिहिलं आणि उदाहरण दिलं, अ=६, ब=४, क=५. सरांनी शून्य दिला आणि शेरा मारला "एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही". विधान खोटंच आहे ना? मग एक उदाहरण पुरतं ना??
— एफवायचा विद्यार्थी, कोल्हापूर

अरे, तुझी केस मजेशीर आहे, शेरा चुकलाय आणि मार्क बरोबर आहेत.

आधी शेरा. "नेहमी" असा दावा पाडायला एक उदाहरण पुरतं, दोन दिलीस तर दुसरं फुकट. एका उदाहरणाने सिद्ध होत नाही हे खऱ्या विधानाबद्दल म्हणतात. खोटं ठरवताना ते वाक्य लागू नाही. हे तू सरांना सांगू शकतोस, नीट शब्दांत सांग म्हणजे झालं.

पण आता तुझं उदाहरण बघ. ४×५ म्हणजे २०. २० ला ६ ने भाग जातो का? नाही. विधान म्हणतंय की भाग जात *असेल* तर पुढचं बघा. तुझ्या उदाहरणात "असेल" हेच झालं नाही, मग विधानाने तुला वचन तरी कुठे दिलं होतं जे त्याने मोडलं? पाऊस पडला तर येताना छत्री आणेन असं कुणी म्हटलं आणि पाऊसच पडला नाही, तर छत्री न आणल्याबद्दल त्याच्यावर चिडता येत नाही. प्रत्युदाहरणाला दोन कामं असतात, जर-च्या पुढचं पाळायचं आणि तर-च्या पुढचं मोडायचं. तू दुसरं केलंस, पहिलं राहिलं.

क बदलून ३ कर. अ=६, ब=४, क=३. गुणाकार १२, त्याला ६ ने भाग जातो, ४ ला जात नाही, ३ ला जात नाही. झालं. "किंवा" आहे म्हणून दोन्हीकडे नाही जायला पाहिजे हेही लक्षात ठेव, ब=१२ आणि क=५ घेतलं असतंस तर १२ लाच भाग जातो आणि विधान सुखरूप सुटलं असतं. पेपरात लिहिताना तीनही भागाकार तीन वेगळ्या ओळींत लिही, तपासणाऱ्याला मान डोलवायला सोपं पडतं.

आणि हे विधान पूर्ण टाकाऊ नाहीये बरं का. अ मूळ संख्या असेल तर ते पक्कं खरं आहे, युक्लिडपासून चालत आलंय. ६ चा एक तुकडा (२) ब मध्ये लपला आणि दुसरा (३) क मध्ये, मूळ संख्येचे असे तुकडेच पडत नाहीत. चार मार्कांच्या प्रश्नात हे शेवटचं वाक्य लिहिलंस तर मला वाटतं कुणीही खूश होईल.

√२ अपरिमेय असल्याची सिद्धता मी नववीला शिकवते. यंदा एका मुलाने उठून विचारलं, मॅडम, २ च्या जागी सगळीकडे ४ टाकलं तर √४ पण अपरिमेय निघतो की! वर्ग हसला, मीही हसून वेळ मारून नेली, घरी येऊन बघते तर मला चटकन चूक सापडेना.
— शिक्षिका, जि. सातारा

ह्या मुलाला माझ्यातर्फे एक पेन द्या, असा प्रश्न वर्षातून एकदा आला तरी नशीब.

सिद्धता आपण अशी करतो, √२ = प/फ, अतिसंक्षिप्त रूपात, मग प² = २फ², म्हणजे प² ला २ ने भाग जातो, *म्हणून प ला २ ने भाग जातो*, आणि मग तेच फ बद्दल, आणि दोघांना २ ने भाग गेल्यामुळे विसंगती. फळ्यावर लिहिताना मधल्या तिरप्या वाक्यावरून आपला खडू सर्रकन जातो. तिथेच बघा. "प² ला ४ ने भाग जातो म्हणून प ला ४ ने भाग जातो" हे खरं आहे का? प=२ घ्या. २² म्हणजे ४, ४ ने भाग जातो. पण २ ला ४ ने नाही जात. पाडलं.

मला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की √४ खरोखर किती आहे, तर २/१. म्हणजे तिथला प खरोखरचा २ च आहे! आडवी येणारी संख्या शोधायला लांब जावंच लागत नाही, सिद्धता ज्या अपूर्णांकाला "असूच शकत नाही" म्हणतेय तोच अपूर्णांक हात वर करून उभा आहे.

वर्गात याच्यावर दहा मिनिटं घालवा असं मी म्हणेन. फळ्यावर लिहा, प² ला अमुक ने भाग जातो तर प ला जातो, आणि अमुक च्या जागी २ ते २० टाकून प्रत्येकासाठी पोरांना पाडायला सांगा. १२ ला ६ पाडते (३६ ला १२ ने जातो, ६ ला नाही), १८ लाही ६ च पाडते, २० ला १० पाडते. ६, १०, १५ वर मात्र पोरं डोकं फोडत बसतील आणि काही मिळणार नाही, कारण तिथे विधान खरं आहे. ज्या संख्येत कुठलाही मूळ अवयव दोनदा येत नाही तिच्यासाठी हे चालतं, येतो तिथे फसतं. हा नियम तुम्ही सांगू नका, पोरांना पडलेल्या आणि न पडलेल्या अशा दोन याद्या करून त्यांच्याकडे बघत बसू द्या, कुणीतरी बोलेलच.

३ साठी आणि ९ साठी अंकांची बेरीज चालते. म्हणून मी २७ साठी शोध लावला, अंकांच्या बेरजेला २७ ने भाग गेला तर संख्येला २७ ने भाग जातो. मी ९९९, १९९८, २९९७, ३९९६ सगळे चेक केले, सगळे बरोबर. हा शोध आधी कुणी लावलाय का?
— इयत्ता आठवी, बार्शी

बाळा, आधी शाबास, कारण तू वहीत भागाकार केलेले दिसतायत (फोटोत पानावर चहाचा डाग पण दिसतोय, तो तुझा की बाबांचा?). आता वाईट बातमी. १८९९ घे. १+८+९+९ = २७. आणि २७×७० म्हणजे १८९०, बाकी ९. नाही जात.

आता मला सांग, तू १९९८ कुठून आणलीस? माझा अंदाज असा की ९९९ बरोबर आली म्हणून तू त्यात अजून ९९९ मिळवले, मग अजून ९९९. बघ, चारही संख्यांमधला फरक ९९९ आहे. आणि ९९९ म्हणजे २७×३७. म्हणजे तू चार वेगळ्या संख्या तपासल्याच नाहीस, एकच संख्या चार वेळा तपासलीस, कपडे बदलून. ज्या क्षणी तू १९९८ चे अंक उलटेपालटे करून १८९९ किंवा १९८९ लिहिली असतीस त्या क्षणी शोध बोंबलला असता. १९८९ ला पण बाकी उरते, १८.

९ ला का चालतं ते बघितलंस तर २७ ला का नाही ते आपोआप दिसेल. १० मध्ये ९ वजा केले की १ उरतो, १०० मध्ये ९९ वजा केले की १, म्हणजे दहाला, शंभराला, हजाराला कुणालाही ९ ने भागलं की बाकी १, म्हणून अंक कुठल्याही घरात असला तरी ९ च्या नजरेत त्याची किंमत तेवढीच, म्हणून नुसती बेरीज पुरते. २७ ने १० ला भाग, बाकी १०. २७ च्या नजरेत दशकातला ५ आणि एककातला ५ सारखे नाहीत. संपलं.

पण थांब, रडू नको, तुझ्या ९९९ मध्ये माल आहे. १००० ला २७ ने भागलं की बाकी १ उरते (९९९ गेले ना). म्हणजे एकेक अंकाची नाही पण तीन-तीन अंकांच्या गटांची बेरीज चालेल, उजवीकडून गट पाडायचे. १८९९ साठी १ + ८९९ = ९००, ९०० ला २७ ने बाकी ९, बघ तीच बाकी आली. आणि फुकटात ३७ ची कसोटी पण मिळाली, तीच, कारण ९९९ मध्ये ३७ आहे. ही कसोटी आधीपासून माहीत आहे लोकांना, पण तू आठवीत तिच्या दारापर्यंत गेलास, नुसती बेल वाजवायची राहिली.

५ पासून पुढच्या मूळ संख्येचा वर्ग करून १ वजा केला की २४ ने भाग जातो हे वाचलं. मी उलटं पण बघितलं, ज्यांना २४ ने भाग जातो त्या ५, ७, ११, १३, १७, १९, २३ सगळ्या मूळच आहेत. म्हणजे व्यत्यासही खरा?
— बँकेतून निवृत्त, ठाणे

काका, तुम्ही स्टॉपच्या एक घर आधी उतरलात. पुढची २५. २५ चा वर्ग ६२५, वजा १ म्हणजे ६२४, म्हणजे २४×२६. आणि २५ मूळ नाही. संख्या विषम असावी आणि ३ ने भाग जाऊ नये एवढंच २४ ला हवं असतं, मूळ असण्याशी त्याला देणंघेणं नाही. सुरुवातीच्या अशा संख्या मूळ निघतात कारण २ आणि ३ गाळले की पुढचा लहानात लहान अवयव ५, आणि ५×५ येईपर्यंत संयुक्त संख्येला जागाच नाही.

मी आयटीत आहे, गणित सोडून बारा वर्षं झाली. टाइमपास म्हणून पायथॉनमध्ये चेक केलं, २ चा न वा घात घ्यायचा, २ वजा करायचे, त्याला न ने भाग गेला तर न मूळ संख्या. ३०० पर्यंत एकही चूक नाही! ३०० केसेस म्हणजे पुरेशा नाहीत का? आमच्याकडे एवढ्या टेस्ट पास झाल्या तर रिलीज जातं.
— हिंजवडी

तुमचं रिलीज प्रॉडक्शनला गेलं आणि ४१ संख्या पुढे जाऊन पडलं, ३४१ वर.

आधी तुम्ही काय तपासलंत ते बाकीच्या वाचकांसाठी. ७ घ्या, २ चा सातवा घात १२८, वजा २ म्हणजे १२६, ७×१८, भाग जातो, ७ मूळ. ९ घ्या, ५१२ वजा २ म्हणजे ५१०, ९ ने नाही जात, ९ मूळ नाही. न मूळ असेल तर भाग जातोच, ही बाजू फ्रेंच गणितज्ञ फर्माची, १६४० साली पत्रात लिहिलेली, आणि ती पक्की आहे. तुम्ही उलटी बाजू धरलीत, भाग गेला तर मूळ. आणि ३४० पर्यंत ती खरोखर एकदाही चुकत नाही, म्हणून तुम्हाला दोष द्यावासा वाटत नाही.

३४१ ला कॉम्प्युटरपण लागत नाही, कागद घ्या. २ चा दहावा घात १०२४, हे तुम्हाला झोपेतही येतं. ३४१×३ = १०२३. म्हणजे १०२४ ला ३४१ ने भागलं की बाकी १. आता १०२४ ला स्वतःशी कितीही वेळा गुणा, बाकी १ च राहणार, १×१×१. चौतीस वेळा गुणलं की २ चा ३४० वा घात झाला, बाकी १. अजून एकदा २ ने गुणलं, ३४१ वा घात, बाकी २. त्यातून २ वजा, बाकी शून्य. भाग गेला. आणि ३४१ म्हणजे ११×३१. शंभरेक अंकी संख्येचा भागाकार आपण न करता केला, मला अजूनही हे करताना गुदगुल्या होतात.

३४१ सापडली १८१९ साली, सारुस नावाच्या फ्रेंच गणितज्ञाला. बारावीला ३×३ चा डिटरमिनंट काढताना तिरप्या रेघा मारायची जी युक्ती असते ना, तीही याच सारुसच्या नावाने ओळखतात.

शोधायची कशी हे जास्त महत्त्वाचं, कारण एकेक संख्या चालवत जाणं हा शेवटचा उपाय. लहान घातापासून निघा. १०२३ चे अवयव पाडा, ३×११×३१. यातले कुठले दोन घेऊन गुणले तर जी संख्या येईल तिच्यातून १ वजा केल्यावर १० ने भाग जाईल? ११×३१ = ३४१, वजा १ म्हणजे ३४०, जातो. ३×११ = ३३, वजा १ म्हणजे ३२, नाही. बस, दोन मिनिटांत सापडली.

आणि प्रमाण बघा किती फसवं आहे. १००० च्या आत मूळ संख्या १६८, आणि या चाचणीला फसवणाऱ्या फक्त ३, त्या म्हणजे ३४१, ५६१ आणि ६४५. सम फसवी संख्या हवी असेल तर थेट १६१०३८ पर्यंत जावं लागतं, ती लेमरला १९५० मध्ये सापडली. म्हणजे कुणी १ लाख ६१ हजारापर्यंत चालवून "फसव्या संख्या नेहमी विषम असतात" असा दावा केला असता तर तोही ह्याच खड्ड्यात.

तुम्ही म्हणाल २ च्या जागी ३ घेऊन पण तपासू. छान विचार, ३४१ तिथे पकडली जाते. पण ५६१ (३×११×१७) पकडली जात नाही, २ घ्या, ३ घ्या, ५० घ्या, कुठलीही संख्या घ्या, तिचा ५६१ वा घात वजा ती संख्या, ५६१ ने भाग जातोच. अशा निर्लज्ज संख्यांना कारमायकेल संख्या म्हणतात, त्याने १९१० मध्ये त्यांच्यावर लिहिलं म्हणून. पहिल्या तीन ५६१, ११०५ आणि १७२९. हो, तीच रामानुजनची टॅक्सीवाली १७२९! आणि त्या मोजक्या असतील अशी आशा ठेवू नका, अल्फर्ड, ग्रॅनव्हिल आणि पोमरन्स यांनी १९९४ मध्ये सिद्ध केलं की त्या अनंत आहेत. तरी चाचणी फेकून दिलेली नाही कुणी, तिला जरा कडक केलं की मिलर-राबिन चाचणी होते, आणि तुम्ही रोज वापरता त्या एन्क्रिप्शनच्या लायब्रऱ्यांमध्ये मोठमोठ्या मूळ संख्या तीच शोधून देते.

ताई, नमस्कार. कापरेकर सरांच्या हर्षद संख्या माझा जुना छंद. माझ्या लक्षात आलं की फॅक्टोरियल सगळे हर्षद असतात. २० पर्यंत मी हाताने केले, वही आहे. हे नेहमीच खरं आहे ना? असेल तर सिद्धता कशी करावी?
— निवृत्त रेल्वे कर्मचारी, नाशिक रोड

नमस्कार काका. तुमचं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ डहाणूचा, आयुष्य गेलं देवळालीत शाळामास्तर म्हणून, तुमच्या नाशिक रोडपासून हाकेच्या अंतरावर. ६१७४ या "कापरेकर स्थिरांका"मुळे जगाला माहीत झाले. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो तिला त्यांनी हर्षद म्हटलं, आनंद देणारी. १८ ची बेरीज ९, भाग जातो, हर्षद. वरची १७२९ पण हर्षद, बेरीज १९, आणि १९×९१ = १७२९.

आता तुमचे फॅक्टोरियल, म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार, लिहिताना पुढे ! लावतात. १०! म्हणजे ३६२८८००, बेरीज २७, आणि २७×१३४४०० बरोबर तेवढेच. २०! एकोणीस अंकी, मी तुमच्या वहीशी ताडून पाहिलं, बेरीज ५४, जातो भाग. तुम्हाला पटणं साहजिक आहे कारण यामागे कारणही दिसतं, न! मध्ये १ पासून न पर्यंत सगळ्या संख्या कोंबलेल्या असतात, आणि अंकांची बेरीज त्या मानाने चिमुकली, मग भाग न जायला काय झालं? २० लाच बघा, बेरीज ५४, म्हणजे ९×६, आणि ९ आणि ६ दोन्ही २०! मध्ये आहेतच.

हा युक्तिवाद कुठे फाटतो ते शोधू. ६! पासून पुढे प्रत्येक फॅक्टोरियलला ९ ने भाग जातो, म्हणून बेरीजही ९ च्या पाढ्यातली, म्हणजे ९×म अशी. म जोवर न पेक्षा लहान आहे तोवर म तिथे आत बसलेला आहेच, काळजी नाही. भाग चुकायचा असेल तर म ने न ला ओलांडायला हवं, आणि नुसतं ओलांडून भागणार नाही, तिथे एखादा मोठा मूळ अवयव यायला हवा जो न! मध्ये नाही. म न ला कधी गाठतो? फॅक्टोरियल वाढतं तसे त्याचे अंक न च्या तुलनेत जास्त वेगाने वाढत जातात. एक अंक सरासरी साडेचार धरला तर म अंदाजे अंकांच्या संख्येच्या निम्मा, शेवटची शून्यं सोडून. म्हणजे शून्यं सोडून अंक न च्या दुपटीच्या जवळ आले की धोक्याची घंटा.

४३२! ला ९५३ अंक आहेत, त्यातली शेवटची १०६ शून्यं, उरले ८४७, आणि ४३२ ची दुप्पट ८६४. घंटा वाजतेय. अंकांची बेरीज येते ३८९७. म्हणजे ९×४३३.

४३३ मूळ संख्या आहे. ४३२! मध्ये ४३२ पर्यंतच्या सगळ्या संख्या आहेत, ४३३ नाही, आणि ती मूळ असल्यामुळे तुकड्यातुकड्याने लपूनही बसू शकत नाही (कोल्हापूरच्या पोराचं उत्तर वर वाचा). भाग जात नाही. आणि हीच पहिली, ४३१ पर्यंतचे सगळे फॅक्टोरियल हर्षद आहेत. बेरीज फक्त ९ ने कमी असती, ३८८८, तर म ४३२ झाला असता आणि तुमचं विधान अजून काही काळ तगलं असतं. एका घराने हुकलं, काका.

म्हणजे वहीतलं एकही पान चुकीचं नाही, २० च्या ऐवजी तुम्ही ४०० पर्यंत गेला असता तरी तुम्हाला काही सापडलं नसतं. ९५३ अंकांची बेरीज मात्र हाताने करू नका, त्यासाठी नातवाला बसवा, हिंजवडीच्या वाचकासारखं पायथॉन येत असेल तर दोन ओळींचं काम आहे. ३८९७ आकडा आला की त्याच्या हातातून कॉम्प्युटर काढून घ्या. त्याला ९ ने भागणं आणि ४३३ ला २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९ ने भाग जात नाही हे बघणं, एवढं एसटीच्या तिकिटामागे मावतं.